वाऱ्यासाठी बोट, बोटीसाठी वजन

आमच्या घरात वाऱ्याशी कुणाचंच कधी पटलं नाही. निफाडजवळ आमची द्राक्षबाग आहे. तिच्या पश्चिमेला सासऱ्यांनी शेवरीची दाट रांग लावली, ती वारा अडवायला. पुढे माझ्या यजमानांनी, बाळासाहेबांनी, त्या रांगेला हिरवी जाळी जोडली, तीही वारा अडवायलाच. वेल झोडपले, मणी घासले, मंडप कलला की घरातली पहिली शिवी वाऱ्याला. त्याच बाळासाहेबांनी दोन हजार एकच्या मे महिन्यात, खरडछाटणी उरकली न उरकली तोच जाहीर केलं की वारा वाया जातोय, तो धरायला चांगली बोट घ्यायची.

हे खूळ शिरलं ते गंगापूर धरणावर. मुलांच्या शिक्षणासाठी आम्ही नाशिकला फ्लॅट घेतला आणि बाळासाहेबांना रिकाम्या सकाळी मिळाल्या. धरणावर त्यांच्या दोन ओळखीच्यांनी शिडाची एक जुनी, ठिगळं लावलेली बोट ठेवली होती. एकदा तिच्यात बसले आणि माणूस कामातून गेला. पण ती बोट शिकाऊ. अंजनेरीकडून वारा सुटला की ती गाभण म्हशीसारखी जागच्या जागी फिरायची. धरणाचं पाणी तिकडून सगळं उघडं, वाऱ्याला आडवं यायला काही नाही. तिथे शर्यतीची बोट हवी, आणि नवीन झेपणार नाही म्हणून जुनी, हे ठरलं.

अशी बोट दोघांची असते. एकाने सुकाणू आणि मोठं शीड सांभाळायचं. दुसऱ्याने पुढच्या छोट्या शिडाची दोरी धरायची आणि वारा बोटीला कलंडवायला लागला की काठावर बसून, पाय आतल्या पट्ट्यात अडकवून, सगळं अंग पाण्यावर बाहेर झोकायचं. सुकाणूवर बाळासाहेब हे उघडच होतं. दुसरं कोण, एवढाच प्रश्न होता, आणि माझ्यासाठी हा सगळा प्रवास त्या एका प्रश्नाचा झाला.

कारण थंडीत, बोटीचं नुसतं बोलणं चाललं होतं तेव्हा, एकदा जेवताना ते म्हणाले होते, "आपण दोघं बसू. तू अन् मी." म्हणाले आणि भाकरी मोडून मोकळे झाले. मी मात्र ते वाक्य जपून ठेवलं. लग्नानंतर आम्ही दोघांनी मिळून केलेल्या गोष्टी म्हणजे फवारणी, शाळेतल्या पालकसभा आणि दुसऱ्यांची लग्नं. पाण्याची मला भीती नव्हती. माझं माहेर वणीकडचं, विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेली मी. भीती होती ती लोक हसण्याची. मी अंगाने भरलेली आहे. हे मी फार सौम्य शब्दांत लिहिते आहे.

तीन ठिकाणी फोन झाले. बोट विकणारा प्रत्येक जण आधी एकच विचारायचा, दोघांचं मिळून वजन किती? शर्यतीची बोट माणसांच्या वजनावर ठरते म्हणे. म्हणून बाळासाहेबांनी मला बागेवरच्या पॅकिंग शेडमधल्या काट्यावर उभं केलं. आकडा इथे लिहिणार नाही. बाळासाहेबांनी तो वाचला, माझ्याकडे पाहिलं, आणि फोनवर भलताच हलका आकडा सांगितला.

"अहो, हे काय?"

"कडता धरला," ते म्हणाले. "साडी, बांगड्या, सकाळचं खाणं. हे काय तुझं वजन हाय का?"

ज्यांना बाजारसमितीचा अनुभव नाही त्यांच्यासाठी सांगते. कांदा मोजला की माती, पाचोळा, ओल यांच्या नावाने व्यापारी थोडं वजन कापून घेतो, तो कडता. बाळासाहेबांनी आयुष्यभर तो दुसऱ्याला कापू दिला आणि मनातल्या मनात चडफडले. पहिल्यांदाच स्वतः कापायची संधी मिळाली, ती बायकोच्या अंगावरून. खरं सांगू, मला तो हलका आकडा ऐकून बरंच वाटलं. 

संगमनेरमार्गे

निघालो आम्ही तिघं, द्राक्षाच्या पिकअपमधून. बोट मिळालीच तर मागे टाकून आणायला सोयीची. तिसरे पगार सर, बाळासाहेबांचे मित्र. मूळचे देवळ्याचे, नाशिकच्या शाळेत इतिहास शिकवतात. त्यांना सुट्टी होती आणि कुठेही जायला ते कायम तयार असतात. अंगाने म्हणाल तर शेवग्याची शेंग. पुढच्या सीटवर मी मधे बसले, कारण दाराशी बसले तर दार लागत नाही असं बाळासाहेबांचं म्हणणं. तिसरा गिअर टाकायचा की मला पगार सरांवर कलावं लागे आणि सर खिडकीबाहेर निघत.

चंदनापुरी घाट चढून एका टपरीवर मिसळ खाल्ली. पगार सरांनी पहिला घास घेतला आणि वाटी खाली ठेवली. "तिखट कोठे शे?" त्यांनी मालकाला अहिराणीत विचारलं. मालक म्हणाला, हीच तिखट. आमच्याकडे काळ्या मसाल्याचा रस्सा घसा धरतो, नाक वाहतं, मग माणूस म्हणतो की चव आली. इथे मिसळीत बटाटा होता आणि वर पोहे. सरांनी तरीही तीन वेळा रस्सा मागून घेतला.

खडकवासला

पहिली बोट एका निवृत्त मेजरसाहेबांची, खडकवासल्याच्या वरच्या अंगाला, आंब्याखाली ठेवलेली. पुण्यात चहा मिळेल की नाही यावर बाळासाहेब आणि सर वाटभर विनोद करत आले होते. मेजरसाहेबांच्या पत्नीने आल्याआल्या थालीपीठ, लोणी, आमरस असं वाढलं आणि परत घ्या म्हणून हातात पळी घेऊन उभ्याच राहिल्या. दोघांचे सगळे विनोद फुकट गेले. जेवून उठताना सरांचा चेहरा अगदी हिरमुसला होता.

बोट मात्र देखणी. पांढरीशुभ्र, निमुळती, वरून हात फिरवला तर कुठे अडत नव्हता. बाळासाहेबांनी जुना ट्रॅक्टर घेताना करतात ते सगळं केलं. बुडाशी वाकून पाहिलं, अंगठ्याने जागोजागी दाबलं, बाजूला लाथ मारायला पाय उचलला, मेजरसाहेबांची नजर पाहून खाली ठेवला. मेजरसाहेबांनी शीड मुठीत चुरगाळून दाखवलं. नवं शीड कागदासारखं करकरतं आणि थकलेलं धोतरासारखं गप्प बसतं, एवढं मी तिथे शिकले. हे बऱ्यापैकी करकरलं.

"तुम्ही फोनवर सांगितलेल्या वजनाला ही अगदी चपखल," मेजरसाहेब म्हणाले. "बसा दोघे. एक चक्कर मारा."

बोट पाण्यात उतरवली. मी बसले. बाळासाहेब बसले. बोटीचं मागचं टोक पाण्याला टेकलं आणि पाणी शांतपणे आत आलं, माझ्या चपलांपर्यंत. मेजरसाहेब काठावरून बघत होते. त्यांनी एकदा बोटीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि फार अदबीने विचारलं, "आपण जो आकडा सांगितलात, तो कुणाचा होता?"

बाळासाहेबांनी कडत्याची पद्धत समजावून सांगितली. मेजरसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग ते म्हणाले, "पाणी असं काही कापून घेत नाही हो." त्यांच्या पत्नीने चटकन तोंड फिरवलं, पण खांदे हलताना मला दिसले. मी उतरले. साडीचा काठ ओला होता, तो पिळत बसायला बरं झालं, कुणाकडे बघावं लागलं नाही.

मग माझ्या जागी पगार सर बसले. सरांनी पट्ट्यात पाय घातले आणि बोट तीर सुटावा तशी गेली. दोघं ओरडत होते. बाळासाहेबांना इतकं खूष मी द्राक्षाला भाव मिळाल्यावरही पाहिलं नाही. मग सिंहगडाच्या अंगाने वाऱ्याचा एक झोत आला. सर बाहेर झोकले होते, पण सरांचं वजन असून असून असणार किती? बोट उलटी झाली. जीवरक्षक जाकिटं होती, पाणी उन्हाने कोमट होतं, दोघं हसत हसत वर आले. सरांचा चष्मा खडकवासल्याला अर्पण झाला.

रात्री मेजरसाहेबांकडेच जेवताना निर्णय ऐकायला मिळाला. "बोट हीच," बाळासाहेब म्हणाले. "मी अन् सर बसू. तू काठावर राहा. डबा आण, फोटो काढ. तुलाबी बरं पडंल." मेजरसाहेबांनी रविवारपर्यंत बोट राखून ठेवायचं कबूल केलं होतं. तिघांतली मधली बोट विकली गेल्याचं फोनवरच कळलं, पण तिसरी बघायला रेवदंड्याला येतो म्हणून सांगितलेलं, तेव्हा जाऊन फक्त तोंड दाखवायचं ठरलं.

मला वाईट वाटलं. फार वाटलं. थंडीतलं ते वाक्य त्यांच्या लक्षातही नव्हतं, आणि आठवण करून द्यावी तर माझ्या चपलांत पाणी आलेलं सगळ्यांनी पाहिलं होतं. मी आमरस घेतला नाही. मेजरसाहेबांच्या पत्नीने आग्रह केला तेव्हा, पोट भरलं, म्हणाले.

अलिबागच्या रस्त्यावर

खोपोलीचा घाट उतरला की हवा अंगाला चिकटते. नाशिकच्या माणसाला हा घाम कळतच नाही. आपल्याकडे मे महिन्यात माणूस भाजतो, इथे उकडतो. पेणच्या पुढे रस्त्याच्या कडेला बायका कांदे विकत बसल्या होत्या. पांढरे, छोटे, आणि पातीसकट विणून केलेल्या माळा. बाळासाहेबांनी गाडी थांबवली. लासलगावच्या बाजारात ट्रॅक्टरच्या रांगेत रात्री काढलेल्या माणसाला गळ्यात घालायचा कांदा बघवेना.

"किलोला कसा?" त्यांनी विचारलं.

"किलोबिलो नाय. माल हाय. एक घ्या, दोन घ्या," बाई म्हणाली. माल म्हणजे माळ.

"अगं पण भरती किती? वजन?"

"वजन कशाला करायचा? डोल्यांनी दिसतंय ना केवरी हाय ती."

 वजन नाही म्हणजे कडता नाही, हे बाळासाहेबांच्या डोक्यात उतरायला अलिबाग यावं लागलं. मी एक माळ घेतली. ती मांडीवर घेऊन बसले, आणि त्या बाईचं बोलणं उरलेल्या रस्त्यात पुन्हा पुन्हा आठवत राहिलं.

रेवदंडा

राऊतबाईंचं घर वाडीत, माडांखाली, मागचं दार उघडलं की वाळू. सत्तरीच्या, उंच, खणखणीत आवाजाच्या. मुंबईच्या एका शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचे यजमान बंदरातल्या शर्यतींत बोट चालवायचे आणि त्यांच्याबरोबर दुसऱ्या जागेवर कायम राऊतबाई. यजमान गेले, पुढे बाईंचे गुडघे गेले. आणखी पंधरवड्याने समुद्र पावसाळ्यासाठी बंद होणार, त्याआधी बोट चांगल्या घरी जावी एवढंच त्यांना हवं होतं.

बोट मागच्या पडवीत होती. मेजरसाहेबांची पाहून आल्यावर ही बघवेना. रुंद, पोट सुटलेली, निळा रंग उन्हाने विटलेला. शीड मात्र अवाढव्य. बाळासाहेबांनी सरांना डोळ्याने खूण केली की लवकर निघू.

राऊतबाईंनी खूण पाहिली. "रंगाकडे बघू नका. हवेच्या टाक्या बघा," त्या म्हणाल्या. बोटीच्या दोन्ही कडांना बंद टाक्या असतात, बोट उलटली तरी त्या तिला तरंगत ठेवतात. बाईंनी एका टाकीत नळी घालून पाणी भरायला लावलं आणि आम्हाला जेवायला बसवलं. सोलकढी, तांदळाची भाकरी, सुरमईचं कालवण. जेवण होईपर्यंत टाकीतून थेंब गळला नाही. सोलकढीला पगार सर औषध समजले आणि एका दमात प्याले.

जेवताना बाईंनी विचारलं, "दोघांचं वजन?"

बाळासाहेबांनी तोंड उघडलं. बाई म्हणाल्या, "तुम्हाला नाही. हिला विचारते."

प्रवासभर हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी म्हणाले, "मी काठावर राहणार आहे. डबा आणि फोटो."  बाईंनी माझ्या ताटात आणखी भात वाढला.

दुपारी चारला समुद्रावरून वारा आला. नाशिकचा वारा धापा टाकत येतो, थांबतो, परत येतो. हा आला तो भिंतीसारखा, आणि तसाच राहिला. पाणी पांढरं फुलायला लागलं. बाईंच्या ओळखीचा कोळी आपली इंजिनाची होडी घेऊन सोबतीला थांबला. आधी बाळासाहेब आणि सर गेले. त्या मोठ्या शिडाने वारा पोटात घेतला आणि बोट कडेवर उभी राहिली. सर जीव खाऊन बाहेर झोकले होते, पाठ पाण्याला लागत होती, तरी बोट सरळ होईना. बाळासाहेबांना दर थोड्या वेळाने शीड सैल सोडून वारा सांडून द्यावा लागत होता. उलटले नाहीत एवढंच. परत आले ते चिंब आणि दमलेले. सर वाळूवर आडवे झाले.

"इतकं शीड हिला नको होतं," बाळासाहेब म्हणाले.

"शीड बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "ही उघड्या पाण्याची बोट आहे. हिला वारा लागतो आणि वाऱ्याला वजन लागतं. माझं तरुणपणीचं वजन तुम्ही पाहिलेलं नाही." मग माझ्याकडे वळून, "साडी बदल. माझी पँट आहे आत."

बाईंची पँट मला झाली, यातच सगळं आलं. त्यांनी मला आधी वाळूवरच बोटीच्या काठावर बसवलं, पाय पट्ट्यात अडकवले आणि छातीला हात लावून मागे ढकललं. "घाबरून अंग चोरायचं नाही. चोरलंस की बोट गेली." मी वाळूवर आडवी लोंबकळत होते. दोन कोळणी टोपल्या उतरवून बघत उभ्या राहिल्या आणि हसल्या. लोक हसण्याची मला इतकी भीती होती आणि आता ते झालंच. मीही हसले.

मग आम्ही दोघं गेलो. सुरुवातीला मी अर्धीच बाहेर झुकले होते, सवयच तशी. लग्नाच्या पंगतीत कडेला बसायचं, फोटोत मागच्या रांगेत उभं राहायचं, रिक्षात अंग आवरून बसायचं. बोट कलली. बाळासाहेबांनी शीड सैल सोडलं. परत कलली. मला वाळूवरचा तो हात आठवला आणि मी खरंच मागे पडले. सगळीच्या सगळी. बोट सरळ झाली, एकदम, जणू कुणी खालून उचलली, आणि धावायला लागली. पाणी दोन्ही बाजूंनी उडत होतं, डोळ्यांत खारं जात होतं. बाळासाहेब सुकाणू धरून माझ्याकडे बघत होते. पुढे बघा, मी ओरडले.

काठावर आलो तेव्हा ते बराच वेळ दोरी गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "मी थंडीत म्हटलो होतो ना, आपण दोघं?"

"लक्षात होतं?"

"आत्ता आलं," ते म्हणाले. खोटं बोलायचं त्यांना जमत नाही, निदान कडत्याशिवाय.

भाव दोन वाक्यांत ठरला. राऊतबाईंनी एकच अट घातली, माझं खरं वजन सांगायचं. मी त्यांच्या कानात सांगितलं. त्यांनी मान हलवून हिशेब केला. "अजून चार किलो चाललं असतं," म्हणाल्या आणि रात्रीच्या जेवणात माझ्या ताटात सुरमईचा आणखी एक तुकडा पडला. मी तो खाल्ला. बोट पिकअपवर बांधताना त्या पडवीतच बसून राहिल्या. निघताना त्यांनी निळ्या रंगावरून एकदा हात फिरवला आणि आत गेल्या, पुन्हा बाहेर आल्या नाहीत. मला त्यांचं फार वाईट वाटलं.

गंगापूर

वाटेत खडकवासल्याला फोन करून मेजरसाहेबांना नाही म्हणून कळवलं. "बाईसाहेबांना जागा मिळाली का?" त्यांनी विचारलं. कसारा घाटात चहाला थांबलो तर लोकांना ती नांगरटीचं नवीन यंत्र वाटली. एकाने भाव विचारला आणि बाळासाहेबांनी गंमत म्हणून सांगितला, तर तो नंबर लिहून घ्यायला लागला. कांद्याची माळ अजून माझ्या मांडीवर होती. घरी पोचल्यावर सासूबाईंनी ती पाहून, हे कुणाच्या गळ्यात घालायचं, एवढंच विचारलं.

आषाढ निघाला, धरण भरत आलं, आणि एका रविवारी अंजनेरीवरून वारा उतरला. शेवरी बागेत झोडपली जात असणार, पण त्या दिवशी घरात कुणी वाऱ्याला शिवी दिली नाही. पगार सर काठावर होते, डबा आणि कॅमेरा घेऊन, नवा चष्मा लावून. "मले काठच बरा शे," ते म्हणाले, आणि डबा लगेच उघडला. काठावरच्या गावातली माणसं बांधावर जमली होती. शिकाऊ बोटवाले दोघं वारा बघून आधीच परत फिरले होते.

मधोमध गेलो तेव्हा समोरून पाणी काळं होत येताना दिसलं. तसं काळं पाणी म्हणजे झोत. बाळासाहेबांनी दोरी आवळली. शीड सैल सोडायला आता वेळ नव्हता, आणि सोडायचं त्यांच्या मनातही नव्हतं.

"शैला," ते ओरडले, "कडता नको! सगळं टाक!"

मी सगळं टाकलं.